पुष्पाताईंचं ठेवणीतलं कार्ड

पुष्पाताई वैरागडेंनी आयुष्यात कुणाला माफ केलं असेल, तर ते माझ्या बघण्यात नाही. आणि याची त्यांना जराही लाज नव्हती. जवळच्या मेसा गावातल्या एका देशी किराणा दुकानदारानं त्यांना अळ्या झालेलं बेसन विकलं आणि वर "चाळून घ्या ना ताई" म्हणाला. त्या दिवसापासून अकरा वर्षं त्या दहा मैल लांबच्या दुकानात जात होत्या. जाताना मात्र गाडी मुद्दाम त्याच्या दारावरून न्यायच्या, आणि तीही हळू. त्याला दिसलं पाहिजे, हा त्यातला मुख्य भाग होता.

आमच्या मराठी मंडळाचे एक माजी अध्यक्ष होते. दोनशे माणसांचा स्वयंपाक एकटीनं उरकलेल्या पुष्पाताईंची ओळख त्यांनी स्टेजवरून "कैलासवासी वैरागडे यांच्या पत्नी" एवढीच करून दिली. नावसुद्धा घेतलं नाही. पुढे दर संक्रांतीला पुष्पाताई सगळ्यांना तिळगूळ वाटायच्या, त्यांनाही द्यायच्या. डब्यातला सगळ्यात लहान लाडू हुडकून त्यांच्या हातावर ठेवायच्या आणि "तिळगूळ घ्या" एवढंच म्हणून पुढे सरकायच्या. पुढचे शब्द त्यांनी त्या गृहस्थांना कधी ऐकवले नाहीत.

मला हे सगळं फार आवडायचं. मी पुण्याची, आमच्यात राग मनात ठेवून गोड बोलायची पद्धत. राग असा उघडा, धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवणारी बाई मी चँडलरला येईपर्यंत पाहिली नव्हती.

आम्ही दोघी कंप्युटरच्या चिप बनवणाऱ्या एकाच कंपनीत होतो. मी इंजिनिअर, त्या टेक्निशियन. पण माझी कामातली चूक मला कळायच्या आधी त्यांना कळायची. कामावर धूळ नको म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट घातला की सगळी माणसं सारखी दिसतात, तरी पुष्पाताई लांबून ओळखू यायच्या, कारण त्या एकट्याच हात मागे बांधून उभ्या असायच्या. आम्ही एकाच गाडीनं जायचो. गाडी माझी आणि बोलणं त्यांचं, अशी वाटणी होती.

यवतमाळहून त्या नवऱ्याबरोबर आल्या, डिपेंडंट म्हणून. हा शब्द त्या इतक्या वर्षांनीही दात आवळून उच्चारायच्या. ग्रीन कार्ड हातात येऊन आठ महिने झाले आणि वैरागडे एका सकाळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये कोसळले आणि गेले. मुलगी मृण्मयी तेव्हा नऊ वर्षांची. घर, गाडी, वीज, फोन, सगळं वैरागडेंच्या नावावर. पुष्पाताईंनी कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढली, नोकरी धरली, आणि मग एक दिवस टपालानं त्यांच्या नावाचं क्रेडिट कार्ड आलं. या देशानं त्यांच्या एकटीच्या नावानं छापलेली ती पहिली वस्तू.

ती त्यांनी वापरली नाही. म्हणजे एकदा, फ्रीज बंद पडला तेव्हा वापरली आणि आठवड्यात पैसे भरून टाकले. बाकी सगळे व्यवहार रोख, नाहीतर चेकनं. कार्ड ठेवणीतलं होतं. त्यांच्या घरी ठेवणीतल्या गोष्टी बऱ्याच होत्या. ठेवणीतला डिनर सेट, ठेवणीतले टॉवेल, ठेवणीतली पैठणी. त्या पैठणीच्या घडीत, मलमलच्या तुकड्यात गुंडाळून, हे कार्ड. दसऱ्याला ते बाहेर यायचं आणि स्क्रू ड्रायव्हर, सुरी, गाडीची किल्ली यांच्या रांगेत पाटावर बसायचं. त्याला हळदकुंकू लागायचं.

"पुष्पाताई, मागच्या पट्टीला कुंकू लागलं तर मशीन वाचणार नाही हो," मी एकदा म्हटलं.

"मी काय येडी आहे का? समोरून लावते. नावावर."

कार्डाची कंपनी अधूनमधून आपणहून खर्चाची मर्यादा वाढवत गेली आणि ती बारा हजार डॉलरपर्यंत पोचली. पुष्पाताईंना त्याचा केवढा अभिमान. न मागता वाढवली, म्हणजे आपली पत आहे, असा त्यांचा हिशेब. जपून ठेवलेल्या वस्तूची किंमत वाढते, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

मृण्मयीचं लग्न ठरलं २००८ मध्ये. मुलगा रोहन, स्कॉट्सडेलच्या एका डेंटिस्टांचा. त्याची आई सुनंदाबाई, मूळच्या दादरच्या, बोलायला मधाळ, कायम इस्त्रीतल्या. लग्न नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, चँडलरच्याच एका हॉटेलात. पुष्पाताईंनी पहिल्या बैठकीतच सांगून टाकलं, "लग्न आम्ही करून देऊ. आम्ही म्हणजे मी."

एप्रिलमध्ये हॉलचा ॲडव्हान्स द्यायला आम्ही चौघी गेलो. पुष्पाताई, मृण्मयी, सुनंदाबाई, आणि गाडी चालवायला मी. पुष्पाताईंनी पर्समधून मलमलचा तुकडा काढला, उलगडला आणि कार्ड काउंटरवर ठेवलं. काउंटरवरच्या मुलीनं ते मशीनमधून ओढलं. पुन्हा ओढलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "सॉरी मॅम, डिक्लाइन्ड होतंय. दुसरं कार्ड आहे का?"

दुसरं कार्ड नव्हतं. चेकबुक घरी होतं. पुष्पाताई कार्डाकडे बघत राहिल्या, आणि तेवढ्यात सुनंदाबाईंनी आपलं कार्ड पुढे केलंसुद्धा.

"असू द्या हो पुष्पाताई. होतं असं कधीकधी. आता आपलं-तुपलं काय राहिलंय?"

त्या वाईट हेतूनं बोलल्या नाहीत, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण पुष्पाताईंचा चेहरा मी पाहिला. घरी पोचल्यावर थेट गॅरेजमध्ये गेल्या आणि रद्दीची पिशवी उपडी केली. चँडलरला रद्दीवाला येत नाही, तरी त्या रद्दी साठवायच्या. त्यातून एक पातळसं, न उघडलेलं पाकीट निघालं. जाहिरात समजून टाकलेलं. पत्रात चारच ओळी होत्या. आपल्या कार्डाचा वापर कमी असल्यामुळे आपली मर्यादा पाचशे डॉलर करण्यात येत आहे.

त्यांनी तिथेच गॅरेजमध्ये उभ्यानं फोन लावला. स्पीकरवर एक बाई आली, फार नम्र.

"तुम्ही खूप वर्षांत कार्ड वापरलेलं नाही, मॅम."

"एक हप्ता तरी चुकवला का मी?"

"नाही मॅम, तुमचा रेकॉर्ड उत्तम आहे."

"मग चोरी केली का? सांभाळून ठेवलं, हा गुन्हा झाला का?"

"गुन्हा नाही मॅम, हा फक्त यूसेजचा प्रश्न आहे. नियमित वापर करा, सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा विचार करू."

"नियमित म्हणजे किती?"

"जितका जास्त, तितकं चांगलं."

ते वाक्य त्या बाईनं बोलायला नको होतं. पुष्पाताईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस ना? आता वापरूनच दाखवते यांना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनंदाबाईंना ॲडव्हान्सच्या रकमेचा चेक पाठवला. सुनंदाबाईंनी तो वटवलाच नाही. फोन केला की "अहो, राहू द्या ना" म्हणून हसायच्या. आणि पैसे दिलेल्या माणसाचं जे होतं ते त्यांचं हळूहळू होऊ लागलं. मेन्यू त्यांनी बदलला. निमंत्रणपत्रिका दोन्ही घरांच्या नावानं छापू म्हणाल्या. गुरुजी आपल्या ओळखीचे आणले. आणि जूनमध्ये एका रविवारी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "कन्यादानाचं काय करायचं? तुम्ही एकट्या... बरं दिसणार नाही. ह्यूस्टनचे तुमचे दीर-जाऊ बसतील ना? नाहीतर आमचे भाऊ-वहिनी आहेतच."

पुष्पाताई म्हणाल्या, "बघू." परतताना गाडीत मात्र त्यांचा बांध फुटला.

"अठरा वर्षांचं दुःख मी या बाईवर काढून राहिली, असं नको समजू अश्विनी. तिच्यावर राग नाही माझा. तिला दार उघडून कोणी दिलं? त्या कार्डवाल्यांनी. माझ्या लग्नघरात तिला त्यांनी घुसवलं. तिथंच, त्याच काउंटरवर, त्याच कार्डानं पूर्ण लग्नाचे पैसे भरीन, तरच कन्यादानाला बसीन."

"चेकनं भरा ना. पैसे आहेत की तुमच्याकडे."

"पैसे होतेच. त्या दिवशीही होते. प्रश्न पैशाचा आहे का बाप्पा?"

मग जे सुरू झालं, त्याला सूड हाच शब्द आहे. कामावरून परतताना आम्ही एका अवाढव्य सुपरमार्केटात थांबायचो. स्वतः सामान मोजून पैसे भरायच्या मशीनसमोर पुष्पाताई उभ्या राहायच्या. एक केळं. कार्ड ओढलं, पावती घेतली. दुसरं केळं. कार्ड, पावती. मग एक लिंबू. मग एक मिरची, जिचं वजन मशीनला कळायचंच नाही आणि माणूस बोलवावा लागायचा. मागे रांग वाढायची. मी दुसऱ्याच कुणाबरोबर आल्यासारखी मासिकं चाळत उभी असायचे. एकदा तिथल्या म्हाताऱ्या कॅशिअर बाईनं काळजीनं विचारलं, "हनी, आर यू ऑलराइट?"

"व्हेरी गुड," पुष्पाताई म्हणाल्या. "आय ॲम यूझिंग."

पोस्टात एकेक तिकीट. पंपावर एकेक डॉलरचं पेट्रोल. आमच्या नेहमीच्या गुजराती भाईंच्या दुकानात मात्र रोखच, कारण कार्डाचा भुर्दंड त्यांना पडतो, हे पुष्पाताईंनी विचारून घेतलं होतं. सूड घेतानाही पत्ता चुकता कामा नये, यावर त्यांचा कटाक्ष.

महिन्याचं स्टेटमेंट पूर्वी एका पानाचं यायचं. आता एकेका केळ्याची नोंद छापलेलं जाडजूड पाकीट येऊ लागलं. पुष्पाताई ते तळहातावर तोलून बघायच्या आणि समाधानानं मान डोलवायच्या. मग बिलापेक्षा दोन डॉलर जास्तीचा चेक पाठवायच्या आणि सोबत सुवाच्य अक्षरात पत्र, की माझे दोन डॉलर आपल्याकडे जास्त आले आहेत, कृपया परत करावेत. कंपनीला दोन डॉलरचा चेक छापून, पाकिटात घालून, तिकीट लावून पाठवावा लागायचा. "त्यांचा चेक मी वटवते बघ," त्या म्हणायच्या, आणि खरंच बँकेत जाऊन वटवायच्या.

याच कंपनीच्या जाहिरातींसोबत उत्तराची पाकिटं यायची, त्यांचा टपालखर्च वजनाप्रमाणे कंपनीच्याच माथी. पुष्पाताई ती रिकामी परत पाठवत नसत. चँडलरला अंगणात गवत नसतं, खडी असते. त्यातला एकेक चपटा दगड निवडून, धुऊन, पुसून त्या पाकिटात घालायच्या.

"दगड धुता कशाला?" मी विचारलं.

"उघडणारं माणूस कोणी गरीबच असेल. त्याचे हात काऊन खराब करू?"

मृण्मयी वैतागली होती. "आई, प्लीज, लेट इट गो. इट्स जस्ट अ कंप्युटर," ती म्हणाली. पुष्पाताईंनी तिला जवळ बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "तुझा बाप गेला तेव्हा फोन कंपनीनंही हेच सांगितलं होतं. कंप्युटरमध्ये तुमचं नाव नाही. तेव्हा मी रडत बसली होती. आता नाही रडत." त्यानंतर एक दिवस मृण्मयीच कामावरून येताना आईसाठी तसली दोन पाकिटं घेऊन आली.

ऑगस्टमध्ये माझ्याही कार्डाची मर्यादा दुसऱ्या एका कंपनीनं निम्मी केली. मी "जाऊ दे" म्हटलं. पुष्पाताई दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत. हे "जाऊ दे" ऐकून ऐकून ही माणसं माजली आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आता मागे वळून बघताना मला ते चूक वाटत नाही. त्या वर्षी आमच्या गल्लीत तीन घरांवर जप्तीच्या पाट्या लागल्या होत्या. ज्यांनी वारेमाप वापरलं ते बुडाले, आणि ज्यांनी वापरलंच नाही त्यांची पत कापली. यात शहाणं कोण होतं ते मला अजून कळलेलं नाही. मला तेव्हाही संताप यायला हवा होता. तो माझ्या वाटचा पुष्पाताईंनी केला.

ऑक्टोबरच्या मध्यावर पत्र आलं. आपल्या नियमित वापराबद्दल आभार, आपली मर्यादा पूर्ववत बारा हजार. मला वाटलं, त्या पेढे वाटतील. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"खाली सही कोणाची आहे?"

"कस्टमर सर्व्हिस."

"म्हणजे माणसानं लिहिलंच नाही. चुकलं म्हणून एक शब्द नाही. मग माफ तरी कोणाला करू?"

त्या क्षणी त्या थकलेल्या दिसल्या. सहा महिने एकेक केळं विकत घेणाऱ्या बाईला थकण्याचा अधिकार होता. मग उठल्या आणि दगड निवडायला अंगणात गेल्या.

लग्नाच्या आठ दिवस आधी हॉटेलचं उरलेलं बिल भरायचं होतं. सुनंदाबाईंनाही वऱ्हाडाच्या खोल्यांचं बघायचं होतं, म्हणून पुष्पाताईंनी मुद्दाम त्यांची वेळ विचारून तीच वेळ घेतली. आदल्या दिवशी कार्डावरची पै न् पै भरून टाकली. सकाळी कंपनीला फोन करून बजावलं, "आज वापरणार आहे. मोठं वापरणार आहे. मध्ये अडवलं तर याद राखा."

काउंटरवर तीच मुलगी होती. पुष्पाताईंनी कार्ड ठेवलं आणि म्हणाल्या, "पूर्ण बिल. ॲडव्हान्ससकट."

"ॲडव्हान्स भरलेला आहे, मॅम."

"तो यांच्या कार्डावर परत करा. सगळं याच्यावर घ्या. मॅनेजरशी बोलली आहे मी."

मुलीनं आत जाऊन विचारलं, परत आली आणि मान हलवली. कार्ड ओढलं. मशीन विचार करत राहिलं. मी सुनंदाबाईंकडे पाहिलं तर त्यांचा हात पर्सकडे गेला होता. सवयीनं असेल, मदतीसाठी असेल. पुष्पाताईंनी तो हात पाहिला, पण मशीनवरची नजर काढली नाही. मग कागद बाहेर येऊ लागला, करकर करत. सहीची पावती.

पुष्पाताईंनी पूर्ण नाव लिहून सही केली. मग सुनंदाबाईंकडे वळल्या. "विहीणबाई, तुमचं कार्ड द्या."

"अहो, कशाला? राहू द्या ना."

"सात महिने राहू दिलं. आता द्या. घ्यायचं नाही आहे काही, परत द्यायचं आहे."

सुनंदाबाईंनी कार्ड दिलं. मुलीनं ते ओढलं, परताव्याची पावती त्यांच्यापुढे सरकवली. त्या दोन बायका एकमेकींकडे बघत होत्या आणि त्यांच्यामध्ये तो बोटभर कागद होता. सुनंदाबाईंचा चेहरा लाल झाला. मला त्यांची दया यायला हवी होती. खरं सांगायचं तर मला तेव्हा इतका आनंद झाला, की मी खिडकीबाहेर बघू लागले. मग सुनंदाबाई हळूच म्हणाल्या, "मी तुमचा अपमान करायला नव्हतं दिलं हो पुष्पाताई."

"माहीत आहे," पुष्पाताई म्हणाल्या. "म्हणून तुमच्या घरी मुलगी देऊन राहिली आहे. आणि कन्यादान मी करणार."

सुनंदाबाईंनी पावतीवर सही केली.

लग्नानंतर दोन महिन्यांत मी दुसऱ्या नोकरीसाठी फ्रीमाँटला गेले आणि पुष्पाताई फोनपुरत्या उरल्या. त्या कंपनीनं माफी मागितल्याचं मी कधी ऐकलं नाही. पण मला त्या दिसतात त्या लग्नाच्या सकाळच्या. गुरुजींनी सवयीनं कन्यादानासाठी शेजारी शेजारी दोन पाट मांडले होते. पुष्पाताई पैठणी नेसून आल्या. हॉलमध्ये तीनशे माणसं, आणि मंडळाचे ते माजी अध्यक्षही पहिल्या रांगेत. गुरुजी दबक्या आवाजात म्हणाले, "ताई, तुमच्याबरोबर कोण बसणार?"

"कोणी नाही."

"मग संकल्पात नाव कुणाचं घेऊ?"

"पुष्पा वैरागडे. माइकवर घ्या."

त्यांनी वाकून दुसरा पाट स्वतःच्या हातांनी बाजूला सरकवला. राहिलेला पाट ओढून मधोमध आणला, त्यावर मांडी घालून बसल्या आणि मृण्मयीचा हात हातात घेतला.